आबांच्या डोळ्यातलं तेल

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्यावर मेंढ्यानं धडक दिली आणि आतला पडदा निसटला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं. काही दिवस पालथं झोपा म्हणाले, आणि सहा महिन्यांच्या आत तेल काढायला या. तारीख मीच लिहून घेतली. मी टेंभुर्णीत आशाताई आहे, माझं कामच ते. कुणाच्या लेकराचा डोस, कुणाची सोनोग्राफी, सगळं माझ्या वहीत असतं. एखादी बाई चुकली की तिच्या दारात जाऊन खरडपट्टी काढते.

आबा कुरकुरत का होईना, पालथे झोपले. त्या डोळ्याला मेंढरं ओळखू यायला लागली. तारीख जवळ आली तर म्हणाले, "तेल हाय ते, इख न्हाई. कानात टाकतो, टाळूवर थापतो, मंग डोळ्यात ऱ्हायलं तर काय बिघडलं? दिसून राह्यलं ना बराबर?"

आमच्या घरात तेलानं कधी कुणाचं वाईट झालेलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. पुन्हा संभाजीनगर, पुन्हा दिवसभराची रांग. आई गेल्यापासून आबांचं सगळं माझ्याच अंगावर, मी पार थकले होते. पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. असं म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

मग त्यांच्या बुबुळाच्या वरच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली. डोकं ठणकायचं. मी माझ्याजवळची गोळी दिली, एकदा नाही, कितीदा तरी. शेवटी गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, तेल फुटून त्याचे बारीक थेंब झालेत, ते तरंगत पुढं आलेत. डोळ्याचं प्रेशर वाढून नस सुकली. तेल काढलं, पण नजर गेली ती गेलीच. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. "तारीख दिली होती ना?" एवढंच विचारलं. मी उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिले. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

काल शेजारची सून लेकराच्या डोसाचं विचारायला आली. मी आत भाकरी थापत होते. ओट्यावर बसलेल्या आबांनी डावा डोळा तिच्याकडं वळवला.

"आत जा, तिला इचार," ते म्हणाले. "आमची पोरगी कुनाची तारीख चुकू देत न्हाई."

मी हात धुतले, वही उघडली आणि तिला तारीख सांगितली.