बाई अपडाऊन करतात का?

गावाकडून आलेल्या हळदीची पुडी उघडली की मला आमच्या हट्टा गावातल्या घराचं अंगण आठवतं. इकडं हॉलंडला यायच्या आधी आम्ही तिथं होतो. मोठ्या कढईत हळद शिजत होती, तिची वाफ लॅपटॉपवर येत होती, आणि इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका पडद्यावरून आम्हाला लेकीसाठी शाळा दाखवत होत्या. पोहायचा तलाव, झाडावर बांधलेलं वाचनालय. माझं तर ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात वडील फावडं टेकवून मागं उभे राहिले. "इचार त्यायला, शाळेच्या गावातच राहतात का अपडाऊन करतात?" आमच्या भागात शाळा आधी यावरूनच पारखतात. मी ओशाळून इंग्रजीत विचारलं. बाई कौतुकानं म्हणाल्या, मी आणि आमचे बरेच शिक्षक शेजारच्या शहरातून रेल्वेनं येतो. "मंग न्हाई जमत," वडील म्हणाले. "गाडी चुकली की शाळेला कुलूप." मग पडद्यावर पाहिलेल्या दुसऱ्या शाळेत तलाव नव्हता, भिंतींचा रंग उडालेला होता, पण तिथल्या बाईंचं घर शाळेच्या मागंच होतं. "लेकरू इथंच टाका," असं सांगून वडील हळद हलवायला गेलेसुद्धा. शेवटी तिथंच टाकलं. परवा इथं रेल्वेचा संप झाला. तलाववाली शाळा बंद राहिली, शेजारची पोरं दिवसभर सायकली फिरवत होती, आणि आमच्या बाई मात्र सकाळी वेळेवर फाटक उघडून उभ्या. संध्याकाळी मोठ्या अभिमानानं मी वडिलांना फोन लावला. त्यांनी नातीला बोलवायला सांगितलं. नात आतून म्हणाली, "आजोबांशी मी बोलत नाही."