रबराच्या झाडाची अर्धी पानं

ओतूरला कॉलेजात असताना मी एका निवृत्त शिक्षिकेकडे राहत होते. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांना सोबत हवी होती, म्हणून वेगळ्या दाराची मागची खोली त्यांनी मला दिली. मॅडमचं घर आहे म्हणूनच घरच्यांनी मला बोरीहून पाठवलं होतं. खोली गेली असती तर कॉलेजही गेलं असतं.

बैठकीत त्यांचं एक रबराचं झाड होतं. दर रविवारी त्या त्याचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसायच्या. मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "झाडाला पाणी घाल. बाकी काही नको."

त्या गेल्या आणि काही दिवसांनी कुंडीला उभी चीर पडली. पाणी घातलं की फरशीवर यायचं. मी सुतळीने कुंडी बांधून ठेवली. वडील कांदा घेऊन बाजाराला आले, तेव्हा त्यांना सांगितलं. एरवी ते मॅडमच्या दारातच उभे राहायचे. आत बसा म्हटलं तर, "नगं, कापडं मातीची हायेत." त्या दिवशी सरळ आत येऊन कुंडीपाशी उकिडवे बसले.

"अगं, जागाच न्हाई ऱ्हायली ह्याला. मुळ्या बघ कशा गुंडाळल्यात."

पुढच्या बाजाराला त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा आणला, बुडाला खिळ्याने भोकं पाडून, आणि गोणीत माती-शेणखत. कुंडी फोडली, मुळ्या बोटांनी मोकळ्या केल्या, झाड डब्यात बसवलं. मला हायसं वाटलं. मग त्यांनी पिशवीतून विळा काढला.

आमच्याकडे कांद्याचं रोप लावताना जुडीचे शेंडे छाटतात. मुळी धरेपर्यंत पातीचा भार नको म्हणून. वडिलांनी पहिलं पान धरलं आणि मधोमध कापलं. पांढरा चीक फरशीवर ठिबकला.

"दादा, हे कांद्याचं न्हाई," मी वडिलांना म्हटलं.

"रोप ते रोप. चीक बघ कसा येतोय, म्हंजे जित्तं हाय."

त्यांना थांबवायला हवं होतं. पण त्या घरात ते काहीतरी हक्काने करताहेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. एकेक पान अर्धं होत गेलं आणि मी चीक पुसत राहिले.

मॅडम परतल्या तो बाजाराचाच दिवस होता. वडील मुद्दाम थांबले होते.

"कसं बसलंय बघा, म्याडम."

मॅडमनी एका पानाची सुकलेली तपकिरी कड बोटाने चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं.

"डबा चांगला मोठा आहे," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. तो चहा वडिलांनी खुर्चीवर बसून घेतला.

खोली राहिली. झाडाला वर नवी, अख्खी पानं आली. कांद्याची पात पुन्हा वाढते, तशी खालची पानं वाढली नाहीत. रविवारी मॅडम नव्या पानांवरूनच फडकं फिरवायच्या. पुढे पुन्हा पुण्याला जाताना, मी तिथेच असूनही, त्यांनी घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली.

वडील दर बाजाराला विचारायचे, "लागलं का गं झाड?"

"लागलं," मी म्हणायचे.