चुलीकडची भिंत

सांगलीच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. त्यातला एक धडा मुलांना हमखास आवडतो. आपली सगळी जमीन उत्तरेकडं सरकतेय, तिथं अडतेय, म्हणून हिमालय अजून वर उचलला जातोय. त्या रेट्याचा दाब पार आपल्या काळ्या कातळाखाली पोचतो. तिथं नवी भेग सहसा पडत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी पडलेली जुनी भेग, जिला आम्ही भ्रंश म्हणतो, तीच पुन्हा सरकते. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे मॅडम, दुखणं हिमालयाचं आणि कळ पाटणला?" वर्ग हसला. मीही हसले.

मी पाटणकडचीच. कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलली तर माणसं हातातला चहासुद्धा खाली ठेवत नाहीत. धरणाच्या पाण्याचाही त्यात हात आहे, हे तिथं प्रत्येकाला तोंडपाठ. माझ्या जन्माआधी झालेल्या मोठ्या भूकंपात आमचं घर पडलं आणि माझी थोरली बहीण गेली. तान्ही होती. मला एवढंच ठाऊक होतं. आई तिच्याबद्दल कधी बोलायची नाही आणि विचारायची आमची टाप नव्हती.

वडील गेल्यावर आईला मी सांगलीला आणलं. एका दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो, तेवढ्यात मांडणीवरची ताटं किणकिणली. हादरा किरकोळ होता, पण आईचा हात थांबला.

"तू पोरांस्नी शिकवतीस न्हवं? मग मला सांग, का हालतं हे?"

आयतीच विद्यार्थिनी मिळाली म्हणून मी खुलले. हिमालयापासून सुरू केलं ते थेट आमच्या गावाखालच्या भेगेपर्यंत आले. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी ते हालणारच हुतं?"

"हो आई. त्यात कुणाचाच दोष नाही."

"जमिनीचं कळलं गं. पण रोज माझ्या कुशीत असायची ती. त्या राती मी तिला चुलीकडच्या भिंतीला निजवली. तीच भिंत पडली. माझ्या अंगावर माती सुदीक न्हाई."

मी विचारलं, "तिकडं का निजवलीस?"

"लय गारठा हुता. चूल इझली तरी ती भिंत ऊन ऱ्हायची."

"मग तू तिला ऊब मिळावी म्हणूनच निजवलीस ना?"

"व्हय," आई म्हणाली, "म्हणून तर." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मला वाटलं होतं, आपण एवढं शिकलोय तर आईचं ओझं थोडं तरी हलकं करू. तसूभरही झालं नाही. उलट इतकी वर्षं ती एकटीच हे उराशी धरून होती, हे कळल्यावर मलाच झोप लागेना.

यंदा आई अंथरुणाला खिळली. माणसं ओळखेनाशी झाली. एका दुपारी एकाएकी तिनं धोशा लावला, "पोरीला हिकडं घे गं. माझ्यापाशी घे." मी समजावलं की इथं कुणी पोर नाही. ती काही ऐकेना. कधी नव्हे ते उठून बसायची धडपड करायला लागली, रडायला लागली. तिला आवरता आवरता माझाही धीर सुटला. शेवटी मीच तिच्या शेजारी आडवी झाले.

तशी ती शांत झाली. पदर ओढून माझ्या अंगावर घातला.

"गारठलीस व्हय गं?"

"नाही आई. इथं ऊब आहे."

ती मला थोपटायला लागली. माझं नाव तिच्या तोंडी येऊन कितीतरी दिवस झाले होते, तेव्हाही ते आलं नाही. थोपटता थोपटता तिनं थोरलीला नावानं हाक मारली. आमच्या घरात ते नाव मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

मी ओ दिली.