मुक्ताईंच्या नावावरचे अकरा फोन

नारायण पेठेतलं अल्लाबक्ष यांचं मोबाइलचं दुकान दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरतं. बावीस वर्षं ते एकच गोष्ट सांभाळत आले: आलेला माणूस दुसऱ्या दुकानात जाता कामा नये.

काही कंपन्या नवे फोन फक्त एका ऑनलाइन बाजारातच विकू लागल्या. दुकानांना ते मिळेनात. तेव्हा अल्लाबक्ष यांनी त्याच बाजारातून, दुकानाच्या वर राहणाऱ्या मुक्ताईंच्या आणि गल्लीतल्या चारपाच जणांच्या नावाने फोन मागवले आणि आपल्या काउंटरवर विकले.

"मुक्ताई, ओटीपी आला का?" ते जिन्यातून विचारत.

"आला. अकरावा फोन हा. त्या लोकांना वाटत असेल, म्हातारीला कान तरी किती!"

यंदा दुकानदारांच्या संघटनेने या एकाच ठिकाणच्या विक्रीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. वकील नम्रता प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन आल्या. हे फोन आम्हाला मिळाले नाहीत, गिऱ्हाइकं परत गेली, असं त्यात होतं. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या.

"माझी परत गेली नाहीत," अल्लाबक्ष म्हणाले. "मी फोन दिले."

"कुठून?"

"त्यांच्याकडूनच घेऊन."

नम्रतांनी पेनाचं टोपण लावलं. "अहो, मग हेच लिहू. दुकानदारालाच त्यांचं गिऱ्हाईक व्हावं लागलं, याहून मोठा पुरावा कोणता? पण विकण्यासाठी घेणं त्यांच्या नियमात बसत नाही. हा कागद त्यांच्यापर्यंत जाणार. खाती बंद करतील."

"आणि सही नाही केली तर?"

"तर काही नाही. चाललंय तसं चालेल."

कागद दोन दिवस खणात राहिला. तिसऱ्या दिवशी अल्लाबक्ष वर गेले. कागदात मुक्ताईंचंही नाव येणार होतं.

"घाला की," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर सांगेन, मला फोन लावता येत नाही, नुसता घेता येतो."

अल्लाबक्ष यांनी खरं ते लिहून सही केली. महिन्याभरात सगळी खाती बंद झाली. आयोगासमोरची तारीख पुढे गेली.

शनिवारी एका मुलीने नवा फोन मागितला.

"आमच्याकडे येत नाही तो," अल्लाबक्ष म्हणाले.

तिने तिथेच उभं राहून तो ऑनलाइन मागवला. जाताना वळली. "काका, आला की स्क्रीनवरची काच तेवढी तुम्ही लावून द्याल ना?"

तो फोन अल्लाबक्ष यांनी अजून हातात धरलेला नव्हता. "घेऊन ये," ते म्हणाले. "माप बघावं लागेल."