बेंजोवरचे दिवे

पाम गावच्या वामन संखेला कुणी विचारलं, की तुम्ही करता काय, तर तो आधी "बेंजो वाजवतो" असं सांगायचा, आणि मग काहीतरी राहून गेल्यासारखं "आणि कंपनीत जातो" म्हणायचा. पोट भरत होतं ते कंपनीवर. कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात तो ऑपरेटर होता. पण तिथे त्याला कुणी नावानेसुद्धा ओळखत नव्हतं, आणि इकडे पामपासून वाणगावपर्यंत कुठल्याही हळदीला तो गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिला, की बायका आपापली फुगडी सोडून पुढे यायच्या. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात तारा छेडायची प्लॅस्टिकची पट्टी. एवढ्या ऐवजावर वामनने अर्ध्या तालुक्याला नाचवलं होतं, आणि हे तो कुणाला विसरू देत नव्हता.

पार्टीचं नाव नवतरुण बेंजो पार्टी. ठेवलं तेव्हा ते शोभत होतं. आता पार्टीचा मालक आत्माराम कॅसिओ वाजवताना चष्मा नाकावर सरकवत असे आणि वामनचे गुडघे दुसऱ्या गाण्यालाच बोलू लागत. तरी पाटीवरचे नवतरुण तसेच होते. सुपाऱ्या घ्यायच्या आत्मारामने, मंडपात पुढे उभं राहायचं वामनने, अशी ती वाटणी होती.

मग दिवाळीनंतर आत्मारामने मितेशला आणला.

मितेश बोईसरला पोरांचे गिटारचे क्लास घ्यायचा. उंच, सडपातळ, बोलायला गोड. त्याने पहिल्याच दिवशी वामनला वाकून नमस्कार केला, आणि नेमकं तेच वामनला आवडलं नाही. उर्मट असता तर बरं झालं असतं, निदान नावं ठेवायला जागा राहिली असती.

"आता लोकांना गिटार लागते, वामन," आत्माराम म्हणाला. "यूट्यूबवर बघतात, तसा मागतात."

"लागू दे ना. मी कुटं नाय बोलतो?" वामन म्हणाला, आणि तो दिवसभर कुणाशीच धड बोलला नाही.

गिटार नुसती वाजली असती तर वामनने तीही पचवली असती. पण मितेशने त्या इलेक्ट्रिक गिटारची एक तार दाबली, दाबलेलं बोट जागच्या जागी जरासं थरथरवलं, आणि सूर जो निघाला तो संपेचना. बेंजोचा सूर टण्ण होतो आणि मरतो. तो लांबवायचा, तर पट्टी तारांवर भराभरा घासत राहायचं आणि ऐकणाऱ्याने त्याला लांब सूर समजून घ्यायचं. वामनने जन्मभर तेच केलं होतं. पण त्याच्या मनात, अगदी पहिल्यापासून, जो सूर वाजत आला होता, तो हा होता. कंपनीत मशीन चालू असताना तो हाच सूर तोंडाने काढायचा. आज तो समोर ऐकू येत होता, आणि काढत होता दुसराच कुणीतरी, तेही एका बोटाने.

वामनला हेवा वाटला.

घरी सुलू, त्याची बायको, भाकऱ्या थापत होती. वामन मितेशबद्दल बोलत होता. त्याचे केस, त्याचे बूट, त्याची ती पाठीवरची पिशवी.

"अवो, लग्नाआधी तुमी माझ्याबद्दल पन एवडे बोलला नसाल," सुलू म्हणाली. "चांगला वाजवतो ना पोरगा? मग झाला तर."

"चांगला वाजवतो, तेच सांगतोय!" वामन ओरडला, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर जेवायला बसला.

पहिल्या दोन हळदींना सगळ्यांचे मोबाईल मितेशकडे वळलेले त्याने पाहिले. तिसऱ्या हळदीच्या आधी तो बोईसरच्या बाजारात गेला आणि रंगीत दिव्यांची पट्टी घेऊन आला. सोबत एक डबी होती. ती जोडली की दिवे नुसते लागत नव्हते, धावत होते. लाल पुढे, मागून हिरवा, मागून निळा. वामनने ती पट्टी बेंजोच्या चारही कडांना चिकटवली. बॅटरी आणि डबी ठेवायला सुलूने जुन्या पडद्याच्या कापडाची कमरेला बांधायची पिशवी शिवून दिली. "गनपतीच्या मखरासारखे दिसाल," ती म्हणाली. वामनने ते कौतुक समजून घेतलं.

आणि दिव्यांनी काम केलं. मंडपातले मोबाईल वळले. एका आजीबाईंनी तर बेंजोला हात लावून तोच हात कपाळाला लावला. वामन त्या संध्याकाळी मितेशच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहिला. एक तर त्या दिव्यांपुढे गिटार फिकी पडावी म्हणून, आणि दुसरं म्हणजे ते बोट नेमकं कसं थरथरतं ते जवळून बघता यावं म्हणून. हे दुसरं कारण त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्याच हळदीला गिटार घुरघुरायला लागली.

वाजत नसली की जास्तच. स्पीकरमधून घुंई, घुंई असा आवाज, जणू आत कुणीतरी पीठ दळतंय. आत्मारामने केबल बदलली. पुढच्या सुपारीला नवी पिन लावली. गिटारचा अॅम्प आधी कॅसिओच्या बोर्डावर लावून पाहिला, मग जनरेटरवर वेगळा. मंडपातल्या ट्यूब विझवल्या. कुणीतरी म्हणालं अर्थिंग नाही, म्हणून मंडपामागे लोखंडी सळई ठोकून तिच्यावर बादलीभर मिठाचं पाणी ओतलं, ते पाहून नवरीकडची एक म्हातारी "हा कंचा नवा विधी?" म्हणून विचारत आली. मितेश अंग वळवायचा तसा आवाज थोडा कमी-जास्त व्हायचा. म्हणून बिचारा अर्धी गाणी लोकांकडे पाठ करून वाजवायचा, आणि लोकांना वाटायचं पोरगा लाजतोय.

गंमत अशी, की पामला आत्मारामच्या पडवीत तालमीला बसले की घुरघुर गायब. तीच गिटार, तोच अॅम्प, तीच केबल. त्यामुळे सगळा दोष मंडपांच्या विजेवर जाऊन बसला.

"आमच्या बेंजोला बरा काय होत नाय," वामन म्हणायचा. "साधा मानूस हाय तो. खातो-पितो, गुमान वाजतो." हे म्हणताना त्याला जे सुख व्हायचं ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

होता होता वाणगावची हळद आली. ही परक्याची नव्हती, आत्मारामच्या भाचीची, मेघालीची. तिच्या बारशालाही वामननेच वाजवलं होतं. आत्मारामने तालमीला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या बहिनीच्या दारात मला घुरघुर नको. वाणगावला आवाज आला, तर गिटार बंद. मितेश, राग मानू नको."

मितेशने मान हलवली. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. वामनने बेंजोचा पट्टा उगाचच घट्ट केला.

मग बाकीचे चहाला आत गेले. वामनने नवी बॅटरी आणली होती. तिच्यावर दिवे नीट लागतात का बघावं, म्हणून त्याने पिशवीतलं बटण दाबलं. तालमीला त्याने दिवे कधीच लावले नव्हते. घरच्यांना कशाला दाखवायचे? दिवे धावू लागले, आणि शेजारी स्टँडवर पिन लावलेलीच ठेवलेली गिटार, जिला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता, घुंई करून उठली.

वामनने बटण बंद केलं. घुरघुर बंद. पुन्हा चालू केलं. पुन्हा घुंई, आणि नीट ऐकलं तर दिवे धावतील तशी तीही धावत होती, लाल आला की चढायची, निळा गेला की उतरायची. तो दोन पावलं मागे सरकला, आवाज बारीक झाला. दाराशी गेला, तर आवाज गेलाच. पुन्हा जवळ आला, तर स्पीकर पोट दुखल्यासारखा विव्हळला.

बेंजोला त्याचा त्रास नव्हता, कारण त्याला आवाज पकडायची साधी चकती लाकडावर चिकटवलेली. गिटारच्या पोटातलं तारेचं वेटोळं मात्र या डबीतल्या विजेची धावाधावही आवाज म्हणून उचलत होतं. एवढं सगळं वामनला कळलं नाही. त्याला कळलं ते इतकंच, की इतके दिवस आत्माराम ज्याला शोधत होता तो चोर आपल्या कमरेला बांधलेला आहे. आणि वाणगावला आपण फक्त नेहमीच्या जागी उभं राहायचंय, दुसरं काही करायचंच नाही.

मितेश चहाचा कप घेऊन बाहेर आला. "काका, तुमचा चहा. साखर कमी सांगितलीय."

"ठेव," वामन म्हणाला. चहा त्याला गोड लागला नाही, पण त्याने तो संपवला.

वाणगावला दिवेलागणीला मंडप भरला. वामन मितेशच्या खांद्याला चिकटून उभा राहिला आणि त्याने बटण दाबलं. पोरींनी "ए, दिवे बघ" करत मोबाईल वर धरले, आणि स्पीकरने पहिल्याच गाण्यात घुंई करून सलामी दिली. मितेशने घाईघाईने पिन काढली, फुंकली, लावली. पाठ वळवली. आवाज होताच. नवरीचा कुणी काका मागून ओरडला, "अरे, ती चक्की बंद करा!" लोक हसले. आत्मारामने कॅसिओवरून नुसता हात उचलून खाली आणला. मितेशने केबल काढली आणि कडेच्या खुर्चीवर जाऊन बसला, गिटार मांडीवर घेऊन.

वामन पुढे आला. त्याने एकामागून एक अशी गाणी झोडली, की मंडपाला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. गुडघेही बोलले नाहीत. जुने दिवस परत आले होते, आणि ते आणताना त्याला लाज वाटली नाही हे खरं सांगायला हवं. त्याला मस्त वाटत होतं.

मग मेघाली तोंडाला हळद घेऊनच पुढे आली. "वामनमामा, आता मी आन् बाबा. हळूवाला वाजवा. बाबांना उड्या नाय जमत."

तिचा बाप शर्ट खाली ओढत, ओशाळून हसत मधोमध आला. लेकीने त्याचे दोन्ही हात धरले. वामनने गाणं धरलं, आणि पहिलाच सूर लांबवायचा आला. त्याने पट्टी घासली. तव्यावर चणे तडतडावेत तसा सूर तडतडला. बाप-लेक एक पाऊल टाकून थांबली. पाय कुठे टेकवायचे ते त्यांना कळेना. वामनने पट्टी हलकी केली, तर सूर मधेच मेला. जोरात घासली, तर पुन्हा चणे.

"मामा, जरा हळू ना," मेघाली प्रेमाने म्हणाली.

हळू म्हणजे काय ते वामनइतकं त्या मंडपात कुणालाच माहीत नव्हतं. त्याने नकळत कडेला पाहिलं. मितेश खुर्चीत मान खाली घालून बसला होता, आणि त्या मुक्या गिटारवर हेच गाणं वाजवत होता. आवाज नव्हताच. पण ते बोट तारेवर थरथरलं आणि वामनला सूर ऐकू आला. अख्खाच्या अख्खा, जिथे थांबायला हवा तिथपर्यंत. वामन इतका जळला, की त्याला क्षणभर दिसेनासं झालं. एवढं येतं याला! आणि समोर ती पोरगी बापाचे हात धरून उभीच.

त्याने कमरेच्या पिशवीत हात घातला आणि बटण बंद केलं. पोरी "अरे, दिवे गेले" म्हणून कुजबुजल्या.

"मित्या, पिन लाव."

"काका, घुरघुर येल."

"नाय येनार. लाव सांगतो ना!"

मितेशने पिन लावली. स्पीकर गप्प. त्याने तार दाबली, आणि सूर मंडपभर पसरला, स्वच्छ, सावकाश. बाप-लेकीची पावलं आपसूक सुटली. बापाने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले. वामन शेजारी अंधारात उभा राहून खालचे बारीक सूर भरत राहिला.

गाणं अर्ध्यावर असताना मितेशने विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं. मग कमरेच्या पिशवीकडे. मग वामनच्या तोंडाकडे. त्याला कळलं. वामनलाही कळलं, की त्याला कळलं. बोट मात्र चुकलं नाही.

टाळ्या संपायच्या आत आत्माराम आला. "घुरघुर गेली कशी रे? काय होता काय?"

वामनने बेंजोचा पट्टा सोडायला घेतला. आता हा बोलणार, भाचीच्या मंडपात, सगळ्यांदेखत.

"पिन सैल होती," मितेश म्हणाला. "काकांच्या ध्यानात आला म्हनून बरा झाला."

आत्मारामने वामनच्या पाठीवर थाप मारली. वामन उभाच राहिला. आतापर्यंत त्याला एका बोटाचाच हेवा वाटत होता. आता या चार शब्दांचाही वाटला, आणि हा हेवा जास्त जड होता, कारण त्याच्या जागी वामन असता तर वामनने सगळं सांगून टाकलं असतं.

परतताना टेम्पोत मागे सामान होतं आणि सामानावर माणसं बसली होती. वामनने दिव्यांची पट्टी नखाने उचकटून काढली, गुंडाळली आणि खिशात कोंबली. मितेश शेजारी होता.

"ते बोट कसा हलवतोस, दाखव," वामन एकदम म्हणाला.

मितेशने गिटार पिशवीतून अर्धी बाहेर काढली. मग घुटमळला. "काका, खरा सांगू? बेंजोवर नाय होनार ते. तिथं बटनं हायत."

"माहीत हाय मला," वामन म्हणाला. "तरी दाखव."