पाच बोटांचा श्वास

मधल्या सुट्टीनंतर चौथीचा वर्ग शांत व्हावा म्हणून आम्ही पाच बोटांचा श्वास घेतो. डाव्या पंजाच्या कडेने उजव्या हाताचं बोट फिरवायचं. चढताना श्वास आत, उतरताना बाहेर. मुलं डोळे मिटतात आणि मी पाहत राहते. हवा एकच, पण प्रत्येकाची घ्यायची तऱ्हा वेगळी. कुणी खांदे कानापर्यंत नेतं, कुणी गरम चहावर फुंकर घातल्यासारखा श्वास सोडतं. करंगळी येईपर्यंत पंख्याची घरघर ऐकू येऊ लागते. एवढा गोंगाट जातो तरी कुठे, याचं मला रोज नवल वाटतं.

मी स्वतः मात्र डोळे मिटत नाही. गेल्या उन्हाळ्यात हे गेले. त्या दुपारी मी उशाशी बसून त्यांचे श्वास मोजत होते. जरा डोळा लागला, आणि तेवढ्यात ते थांबले. तेव्हापासून माझी नजर राखणीला बसली आहे.

काल पहिल्या बाकावरच्या मुक्ताने एक डोळा उघडला.

"बाई, चीटिंग! तुमचे डोळे रोज उघडेच असतात."

"आणि तुझा गं?"

"मी तुम्हालाच बघत होते. आज तुम्ही मिटा. मी ठेवते सगळ्यांवर लक्ष."

मी टेबलावर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. अंधारात चाळीस जणांचे श्वास येत-जात होते, मी पाहत नसतानाही. मधल्या बोटाच्या टोकाशी माझं बोट थांबलं, ते उतरेना.

"बाई," मुक्ता हळूच म्हणाली, "आता सोडायचा."