पिल्लाच्या पोटातली पिल्लं

सरांनी माझ्या डब्याची कडी चिमट्यात धरली. फॉर्मेलिनच्या बरणीतून मेलेले जीव काढायचा लांब चिमटा. सगळ्या वर्गासमोरून डबा लोंबकळत नेला आणि बाहेर जिन्यात ठेवला. आत येऊन साबणाने हात धुतले. म्हणाले, "हे प्राणिशास्त्राचं म्युझियम आहे, मासळीबाजार नव्हे."

पोरं हसली. मीही हसले. लाज झाकायला माणूस हसतो. त्या हसण्याचा राग अजून माझ्या घशाशी आहे.

डब्यात मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, कालवण होतं. आणि गंमत बघा, ज्या टेबलावरून डबा उचलला त्याच टेबलावर बरणीत मुशीच होती. बरणीत असली की स्कोलिओडॉन, डब्यात आली की घाण. प्रॅक्टिकलला तिचं डोकं फाडतात, नसा मोजतात. पोट कुणी उघडत नाही.

मी नायगावच्या खाडीकाठची. बाप मिठागरात, आय भातात नाहीतर खाडीत. घरात एमएस्सी झालेली मी पहिली. वसईतल्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर लागले तेव्हा आयने गावभर पेढे वाटले. नोकरी टेम्पररी. सर विभागप्रमुख, दरसाल त्यांची सही झाली तर मी. बाकीच्या डेमॉन्स्ट्रेटरांना ते 'अहो' म्हणत. मला 'ए'.

म्युझियममध्ये कुणा परदेशी पाद्र्याने कधीकाळी दिलेल्या दगडी लाद्या होत्या. त्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, पाण्यात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म. मान लांब, पाय वल्ह्यासारखे. एक सांगाडा माणसाएवढा, बाकीचे वीतभर. सरांनी पेपर लिहून मोठ्या प्राण्याला स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं होतं. आणि वीतभर ते सगळे त्याचीच पिल्लं, असं ठरवून टाकलं होतं. सरांची सगळी इभ्रत त्या पेपरावर उभी होती.

दगड सुईने टोकरून हाडं मोकळी करायचं काम माझं. पेपरात नाव सरांचं.

एकदा एका 'पिल्ला'च्या कमरेपाशी टोकरताना तांदळाच्या कणीएवढे मणके लागले. मग बारीकशी मान. मग पाय. मग शेजारी दुसरं तसंच. दोन जीव, अख्खे, अंग मुडपून निजलेले.

माझा हात थांबला. आयचा थांबायचा तसा. मुशी साफ करताना पोटातून पिल्लं निघाली की आय सुरी खाली ठेवायची. "भरल्या पोटाची आली गो," म्हणायची. पिल्लं पाटीत घेऊन खाडीत सोडून यायची, जगोत न जगोत. मगच चूल.

जिच्या पोटात पिल्लं ती पिल्लू कशी असेल? ती आई होती. पुरी वाढलेली, वीतभरच असणारी, वेगळीच जात. सरांच्या वडिलांशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

मी सरांना बोलावलं. "सर, ही गाभण आहे."

सर भिंगातून बघत राहिले. त्यांना कळलं. शपथेवर सांगते, पहिल्या नजरेत कळलं. मानेवर घाम आला होता त्यांच्या. मग सरळ होऊन म्हणाले, "खाल्लेलं भक्ष्य आहे."

"खाल्लेलं चावलेलं असतं, सर. विरघळलेलं असतं. हे अख्खं आहे. आणि पोटात नाही, पार कमरेपाशी आहे."

"वर्गीकरण तुझं काम नाही. तू दगड साफ करायचा. सोमवारी माझ्या पुस्तकासाठी फोटो काढायचेत. त्याआधी हा कचरा खरवडून टाक."

कचरा म्हणाले. माझ्या डब्याकडे बघताना जे तोंड केलं होतं, तेच तोंड.

घरी सगळं सांगितलं. आय आधी माझ्यावरच उखडली. "मेलेला दगुड तो! त्याच्यापायी नोकरी घालवनार? डोका फिरलाय काय तुजा?"

"आय, भरल्या पोटाची आहे ती. तो खरवडायला सांगतो."

आय मोरीकडे वळली. भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "मंग हात नको लावू देऊस त्या मेल्याला."

शनिवारी सकाळी तिनेच बंदरावर पोटं चाचपून एक मुशी निवडली.

शनिवारी माझी बॅच असायची. मी डिसेक्शनच्या ट्रेमध्ये मुशी ठेवली, शेजारी लादी. म्हटलं, आज डोकं नाही, पोट. चीर दिली. नाळेला लोंबणारी पिल्लं बाहेर आली. वास लॅबभर झाला. होऊ दिला. खिडक्या लावून घेतल्या उलट.

"आता दगडात बघा," म्हटलं. "आणि दोन्ही आकृत्या जर्नलात काढा. नावं द्या. खाली माझी सही घेऊन जा."

पोरांनी काढल्या. डब्याला हसलेली हीच पोरं. कुणी हसलं नाही. बॅचभरच्या जर्नलांत ती आई उतरली. आता कुणी दगड खरवडला तर खरवडणाऱ्याचंच तोंड काळं होणार होतं.

सर दारात आले. नाकाला रुमाल. सगळं बघितलं. लादी उचलायला हात पुढे केला. मी माझा पंजा तिच्यावर ठेवला. मुशीच्या रक्ताने भरलेला.

"हात काढ."

"नाही काढणार."

"सोमवारपासून यायचं नाही."

"नाही येणार. पण ही इथेच राहील. आणि ही पिल्लू नाही."

रक्ताला त्यांना शिवायचं नव्हतं. ते मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वासाचा मला उपयोग झाला.

नोकरी गेली. आता मनवेलपाड्यात चाळीच्या एका खोलीत शिकवण्या घेते. पेढे खाल्लेले लोक आयला टोचून बोलतात. लादी अजून म्युझियममध्ये आहे. सरांच्या वडिलांच्या नावाखालीच आहे.

मी पेपर लिहितेय. त्या वीतभर आया एकेक करून त्या नावाखालून बाहेर काढणार आहे. त्यांना माझ्या आयचं नाव देणार आहे. कुणी छापला नाही तर पुन्हा लिहीन, पुन्हा पाठवीन.

लोक म्हणतात, सोडून दे, म्हातारे झाले ते, देव बघून घेईल. देवाने कशाला बघावं? मी बघीन. त्यांना माफी नाही. मेल्यावरचा न्यायही मला नको. त्यांचे डोळे शाबूत असताना त्यांनी ते नाव वाचलं पाहिजे, मोठ्याने, माझ्यासमोर.

पहिली प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे. मुशीच्या कालवणाच्या डब्यावर ठेवून. चिमटा त्यांनी आणावा.